सायकलचा पट्टा चौकात कुठे जातो?

रस्त्याच्या डाव्या कडेला रंगाने आखलेला सायकलचा पट्टा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचे चित्र काढलेले असते. सरळ रस्त्यावर हा पट्टा मोठ्या ऐटीत चालतो आणि चौक जवळ आला, की थांबरेषेच्या दहा-वीस मीटर आधीच नाहीसा होतो. चौक ओलांडल्यावर पलीकडे तो पुन्हा उगवतो. मधल्या जागेत सायकलस्वाराने नेमके कोठून जावे, याबद्दल रंग काहीच बोलत नाही. माझे म्हणणे असे आहे की पट्ट्याची खरी गरज या मधल्या जागेतच असते. सरळ रस्त्यावर तो नसला तरी एक वेळ चालेल.

असे का, ते पाहू या. सरळ रस्त्यावर सगळी वाहने साधारण एकाच दिशेने जात असतात. चौकात मात्र त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. दुहेरी वाहतुकीचे दोन साधे रस्ते काटकोनात मिळतात अशी आकृती कागदावर काढा. प्रत्येक बाजूने येणारे वाहन सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते, असे धरून बाणांच्या रेषा ओढा. रेषा जेथे छेदतात, फुटतात किंवा मिळतात ते बिंदू मोजले, तर त्यांची संख्या ३२ भरते : १६ छेदण्याचे, ८ फुटण्याचे आणि ८ मिळण्याचे. सायकली आणि पायी चालणारी माणसे अजून आपण धरलेलीही नाहीत. एवढ्या बिंदूंच्या जाळ्यात सर्वांत हळू आणि सर्वांत उघडे वाहन सोडून द्यायचे आणि त्याचा पट्टा अलीकडेच पुसायचा, हा न्याय मला समजत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली. त्यांतील ४,८३६ सायकलवर होती. म्हणजे रोज सरासरी तेरा.

आपल्या नागपुरात या विषयाची चर्चा नवी नाही. २०२० साली केंद्र शासनाने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही शहरांची स्पर्धा जाहीर केली. नागपूर तीत उतरले आणि २०२१ साली पुरस्कार मिळालेल्या अकरा शहरांत आपले नाव आले. त्याच्या आधी, २०१७ च्या डिसेंबरात पुणे महानगरपालिकेने शहरभराचा सायकल आराखडा मंजूर केला होता. पुणे हे तर एके काळचे सायकलींचे शहर. या साऱ्या खटाटोपाचे मी स्वागतच करतो. पण अशा कामांचा हिशोब नेहमी किलोमीटरमध्ये मांडला जातो. इतके किलोमीटर पट्टा झाला, तितके बाकी आहे, असा. किती चौक सुरक्षित झाले, हा आकडा कोणी सांगत नाही. चौक किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

आता प्रत्यक्ष धोक्यांकडे वळू. चौकातला सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याच्या उजव्या हाताला उभे असलेले आणि डावीकडे वळणारे लांब वाहन. लाल दिव्याला बस उभी आहे. तिच्या डाव्या बाजूला दीड मीटरची फट आहे. सायकलस्वार त्या फटीतून पुढे सरकतो, कारण त्याचा पट्टा त्याच बाजूला होता. हिरवा दिवा लागतो. बस डावीकडे वळते. पुढचे चाक त्याला चुकवून जाते, म्हणून तो निर्धास्त होतो. पण मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने येत नाही. ते आत येते.

किती आत येते, हे नववीच्या भूमितीने सांगता येईल. बसची मागची चाके वळत नाहीत. त्यामुळे वळणाच्या केंद्रापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंत काढलेली रेषा बसच्या लांबीशी काटकोन करते. केंद्र, मागच्या आसाचा मध्य आणि पुढच्या आसाचा मध्य या तीन बिंदूंचा काटकोन त्रिकोण तयार होतो. समजा, पुढचा आस १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे आणि दोन आसांमधील अंतर ६ मीटर आहे. शहरातल्या मोठ्या बसचे माप साधारण असेच असते. कर्ण १२, एक बाजू ६. म्हणून दुसरी बाजू १४४ वजा ३६, म्हणजे १०८ चे वर्गमूळ. ती भरते सुमारे १०.४ मीटर. मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेपेक्षा १.६ मीटर आतून जातात. सायकलस्वार ज्या दीड मीटरच्या फटीत उभा होता, ती सगळी फट मागच्या चाकाने गिळली.

यावर विश्वास बसत नसेल तर पावसाळ्यात एक प्रयोग करा. मोकळ्या मैदानावर किंवा शाळेच्या पटांगणात सायकल डबक्यातून न्या आणि लगेच कोरड्या जमिनीवर गोल वळवा. ओल्या टायरच्या दोन रेघा उमटतील. आतली रेघ कोणत्या चाकाची, ते पाहा. सायकलच्या दोन आसांत साधारण एक मीटर अंतर असते. पुढचे चाक तीन मीटर त्रिज्येने वळले, तर दोन रेघांमध्ये १७ सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडायला हवे. फूटपट्टी घेऊन मोजा. एका मीटरच्या सायकलला १७ सेंटिमीटर, तर सहा मीटरच्या बसला किती, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही.

यात आणखी एक फसवणूक आहे. अनुभवी चालकाला मागचे चाक आत येते हे ठाऊक असते. म्हणून कोपरा चुकवण्यासाठी तो आधी बस थोडी उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे वळवतो. सायकलस्वाराला वाटते, बस उजवीकडे चालली. डावीकडे जागा मोकळी झाली. तो पुढे घुसतो. चालकाला तो दिसत असेल काय? येथे प्रकाशाचा एक साधा नियम उपयोगी पडतो. आरशावरून परावर्तित होणारा किरण ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने उलटाही जाऊ शकतो. म्हणून बसच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही त्या आरशात तुमचा चेहरा दिसत नाही. ही कसोटी मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. लाल दिव्याला लांब वाहनाच्या शेजारी उभे राहू नये. त्याच्या मागे, आरसा दिसेल असे उभे राहावे, नाहीतर थांबरेषेवर त्याच्या चांगलेच पुढे. मधली जागा कोणाचीच नाही.

दुसरा धोका पिवळ्या दिव्याचा. येथे मला सायकलस्वाराची बाजू घ्यायची आहे, कारण चौकात सगळा दोष त्याच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीतच आहे. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणारी सायकल घ्या. पिवळा दिवा दिसणे, निर्णय घेणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ५ मीटर अंतर गेले. ब्रेक लागल्यावर ऋण त्वरण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर थांबायला आणखी ५ मीटर लागतात. एकूण १० मीटर. आता पिवळा दिवा लागला तेव्हा सायकल थांबरेषेपासून १० मीटरच्या किंचित आत होती असे समजा. तिला थांबता येणार नाही. तिने जायलाच हवे. चौकाची रुंदी २० मीटर. म्हणजे एकूण ३० मीटर जायचे आहेत. त्याला सहा सेकंद लागतील. पिवळा दिवा मात्र साधारण तीन सेकंद टिकतो. तीन सेकंद संपतात तेव्हा आपला सायकलस्वार थांबरेषेच्या पुढे जेमतेम ५ मीटर गेलेला असतो आणि १५ मीटर अजून उरलेले असतात!

तेच मोटारीचे पाहा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने ती हे ३० मीटर बरोबर तीन सेकंदांत पार करते. सिग्नलचे घड्याळ कोणासाठी लावले आहे, ते यावरून कळते. सायकलस्वाराने एकही नियम मोडला नाही, तरी तो चौकाच्या मधोमध सापडतो आणि बाजूचे लोक ‘काय रे, लाल दिसत नाही का?’ म्हणून ओरडतात. सर्व बाजूंना लाल दिवा ठेवण्याचा अवधी दोन-तीन सेकंदांनी वाढवला, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. त्याला सिमेंट लागत नाही, रंगही लागत नाही.

तोपर्यंत तुम्ही काय करायचे? हिरवा दिवा बराच वेळ लागलेला असेल, तर तो आता जाणार असे समजून वेग कमी करा. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणारी सायकल याच हिशोबाने ४.८ मीटरमध्ये, म्हणजे पाच मीटरच्या आत थांबते. ओल्या रस्त्यावर हे आकडे खरे धरू नका. रिमवर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा ब्रेकचे रबर आधी ते पाणी पुसते आणि मगच रिम पकडते. तेवढ्यात चाकाचे एक-दोन फेरे होतात. २६ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे दोन मीटर.

आता सायकलस्वारांच्या बेशिस्तीबद्दल. लाल दिवा तोडणारे सायकलस्वार मी रोज पाहतो. त्यांत शाळेच्या गणवेशातले कितीतरी असतात. ते असे का करतात, याचे कारण आळस एवढेच नाही, त्यात थोडी यांत्रिकीही आहे. सायकल आणि स्वार मिळून ७० किलोग्रॅम धरा. सेकंदाला ५ मीटर वेग असताना त्यांची गतिज ऊर्जा ८७५ ज्यूल होते. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि पुन्हा वेग घेण्यासाठी ती पायांनीच भरून काढावी लागते. तेवढ्या ऊर्जेत तेच ओझे १.२८ मीटर उंच चढवता आले असते. प्रत्येक लाल दिवा म्हणजे सव्वा मीटरचा चढ! मोटारसायकलवाल्याला हा चढ पेट्रोल चढवून देते. अमेरिकेतील आयडाहो या राज्याने १९८२ साली कायदाच केला, की ‘थांबा’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी सायकलस्वाराने पूर्ण न थांबता, वेग कमी करून, इतरांना वाट देऊन पुढे जावे. तेथील मोकळ्या रस्त्यांवर ते शहाणपणाचे असेल. आपल्या चौकांत ते चालेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे ‘वाट देऊन’ हे शब्द आधी गळून पडतील आणि ‘पुढे जावे’ एवढेच उरेल.

शिवाय ते ८७५ ज्यूल झेब्रा पट्ट्यावरच्या माणसाच्या अंगावरही जाऊ शकतात, हे विसरून चालणार नाही. धंतोलीत गल्लोगल्ली रुग्णालये आहेत. येथे रस्ता ओलांडणाऱ्यांत काठी टेकत चालणारे, हाताला प्लॅस्टर असलेले, नातेवाइकाच्या औषधांची पिशवी घेऊन घाईने निघालेले लोक पुष्कळ असतात. घंटी वाजवली म्हणजे आपले काम झाले, अशी एक समजूत आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना घंटी ऐकू आली, तरी ते एका सेकंदात बाजूला उडी मारू शकत नाहीत. त्यांच्यापुढे सायकलही जड वाहनच आहे.

धंतोलीतल्या आतल्या चौकांना बहुतेक ठिकाणी सिग्नल नाहीत. दोन अरुंद रस्ते काटकोनात मिळतात आणि कोपऱ्याला लागूनच मोटारी उभ्या असतात. येथे वेग किती असावा, हे गणिताने काढता येते. समजा, उभ्या गाड्यांमुळे आडव्या रस्त्यावरून येणारे वाहन तुम्ही कोपऱ्यापासून ४ मीटरवर आल्यावरच दिसते. एक सेकंद प्रतिसादाचा आणि वर धरलेलेच ऋण त्वरण घेतले, तर चार मीटरमध्ये थांबण्यासाठी वेग सेकंदाला २.६ मीटर, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी हवा. दहावीच्या मुलांनी वर्गसमीकरण मांडून पडताळा घ्यावा. हा वेग धावणाऱ्या माणसाइतकाच आहे. कोपऱ्यावरची ती एक मोटार हटवली आणि दिसण्याचे अंतर १० मीटर झाले, की नेहमीच्या वेगाने जाणेही सुरक्षित होते. कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्याला वाटते, आपण कोणाच्या वाटेत नाही. तो वाटेत नसतो, नजरेत असतो.

टक्कर होण्याच्या मार्गावर असलेल्या दोन वाहनांची एक चमत्कारिक गोष्ट आहे. दोघेही आपापल्या स्थिर वेगाने सरळ जात असतील, तर एकाला दुसरा सतत एकाच दिशेला दिसतो. तो डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त हळूहळू मोठा होतो. आपली नजर हलणाऱ्या वस्तूकडे चटकन जाते, जागच्या जागी असलेल्या वस्तूकडे जात नाही. म्हणजे जो आपल्यावर आदळणार आहे, तोच लक्षात यायला सर्वांत अवघड! त्यातच मोटारीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब मध्ये आला, तर सायकलस्वार बराच वेळ त्याच्याआड राहू शकतो. दहा सेंटिमीटर रुंदीचा खांब डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर असेल, तर तो एका डोळ्यापुरता वीस मीटरवरचा जवळजवळ तीन मीटरचा भाग झाकतो. दुसऱ्या डोळ्यामुळे हा झाकलेला भाग बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही. वर्धा मार्गावरच्या मेट्रोच्या खांबांची गोष्ट याच जातीची. म्हणून मोटार चालवणाऱ्याने कोपऱ्यावर मान हलवून पाहावे आणि सायकलस्वाराने आपला वेग थोडा बदलावा. वेग बदलला की तो खांबाआडून बाहेर येतो.

उलट्या बाजूने येणाऱ्या सायकलस्वारांबद्दल फार लिहीत नाही. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्यावर येणारा चालक उजवीकडेच पाहत असतो, कारण वाहने तिकडून येणार. तुम्ही त्याच्या डावीकडून प्रकट झालात, तर त्याने तुम्हाला पाहायचे कशाने?

उजवे वळण हा मात्र खरोखर कठीण भाग आहे. डाव्या कडेने जाणाऱ्या सायकलस्वाराला उजवीकडे वळायचे तर मागून येणाऱ्या सगळ्या प्रवाहातून आडवे रस्त्याच्या मध्यापर्यंत जावे लागते. हात दाखवायचा तर एका हाताने सायकल सांभाळायची, आणि मागेही पाहायचे. कोपनहेगनमध्ये यावर एक सोपी तोड आहे. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचे अवघड वळण डावे. सायकलस्वार ते दोन टप्प्यांत घेतात. आपल्या रस्त्यांवर तीच युक्ती अशी होईल : उजवीकडे वळायचेच नाही. हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जायचे. तेथे थांबून सायकल उजवीकडे तोंड करून उभी करायची आणि त्या बाजूचा हिरवा दिवा लागला, की पुन्हा सरळ जायचे. वेळ अर्धा-पाऊण मिनिट जास्त जातो. पण भर प्रवाहात आडवे जाण्याचा प्रसंगच येत नाही. दहावीच्या आतल्या प्रत्येक सायकलस्वाराने असेच वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच, की पलीकडच्या कोपऱ्यात थांबायला आखलेली जागा नाही. तेथे ऑटो उभे असतात आणि ‘फ्री लेफ्ट’ म्हणून वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत असतात. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा एक चौकोन त्या कोपऱ्यात रंगवून द्या, एवढीच माझी मागणी आहे.

तशीच दुसरी मागणी थांबरेषेची. उभ्या सायकलचे त्वरण सेकंद वर्गाला अर्धा मीटर धरले, तर पहिल्या चार सेकंदांत ती चार मीटर जाते. स्कूटर तेवढ्याच वेळात त्याच्या चौपट जाते. सुरुवातीला वेग कमी असल्याने सायकल डगमगते. तोल सांभाळण्यासाठी हँडल डावी-उजवीकडे फिरवावे लागते आणि तिला नेहमीपेक्षा जास्त रुंद जागा लागते. नेमक्या त्याच क्षणी मागची सारी फौज सुटते. सायकलींची थांबरेषा इतरांच्या चार मीटर पुढे ठेवली, तर सायकली चालकांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतील, बसच्या बाजूच्या अंधाऱ्या फटीत नव्हे.

हॅंडलच्या या हालचालीवरून एक आठवले. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, ते चांगलेच आहे. पण सिमेंटचा थर आणि कडेचे ठोकळे यांच्या सांध्यात कित्येक ठिकाणी लांबच लांब खाच राहिली आहे. सायकल ज्या बाजूला पडू लागते त्या बाजूला हँडल वळवून आपण तोल सावरत असतो. चाक खाचेत अडकले, की हँडल वळत नाही आणि स्वार सरळ आडवा होतो. अशी खाच तिरकस ओलांडू नये. शक्य तितका काटकोन साधावा.

हे सगळे अशक्य आहे, आपल्याकडे रस्तेच अरुंद आहेत, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी नेदरलँड्सची हकीकत सांगतो. आज सायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशात १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेवर मुले होती. रस्ते अरुंद, गावे जुनी आणि मोटारी भराभर वाढत असलेल्या. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांनी आपल्या चळवळीचे नाव ठेवले. पुढे १९७३ चे तेलसंकट आले आणि सरकारलाही सायकल आठवली. त्यांच्या चौकांत आज कोपऱ्याला एक लहानसे बेट असते. त्यामुळे वळणाऱ्या मोटारीला वेग कमी करून मोठा फेरा घ्यावा लागतो आणि सायकलचा मार्ग तिच्या समोर, जवळजवळ काटकोनात येतो. चालकाला आरशात डोकवावे लागत नाही. तो समोरच्या काचेतून सायकल पाहतो. वर बसच्या बाबतीत आपण जो धोका पाहिला, त्यावरचा हा उतारा आहे, आणि त्याला लागते ती एका कोपऱ्यापुरती जागा.

आपल्या शाळेजवळच्या एका चौकात हे काम करून पाहता येईल. चार मित्रांनी शिक्षकांना बरोबर घेऊन पदपथावर, रहदारीपासून दूर उभे राहावे. शाळा सुटण्याच्या वेळी एक तास मोजावे : किती सायकली आल्या, त्यांतील किती लांब वाहनांच्या डाव्या फटीत थांबल्या, किती लाल दिवा लागल्यावरही चौकाच्या मध्ये होत्या. पिवळा दिवा किती सेकंद टिकतो, तेही घड्याळावर पाहावे. चौकाची रुंदी पावलांनी काढता येते. ही आकडेवारी एका पानावर नीट मांडून मुख्याध्यापकांच्या सहीने महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे द्यावी. दोन बाय दोन मीटरचा चौकोन कोणत्या कोपऱ्यात हवा, ते नकाशावर दाखवायला विसरू नये.